कारखाना कोणाचा?

उद्योगधंद्यांचे इतिहास सामान्यतः दोन प्रकारे लिहिले जातात. एक मालकाच्या बाजूने, दुसरा कामगाराच्या बाजूने. वस्तू विकत घेणारा मनुष्य या दोन्ही इतिहासांत आकड्यांपुरता येतो : अमुक साली इतक्या गाड्या खपल्या, की त्याचे काम संपले. इटलीतील मोटो गुत्सी या मोटारसायकलच्या कारखान्याची हकीकत मात्र गिऱ्हाइकाला वगळून पुरी होत नाही. म्हणूनच, यंत्रांविषयी फारशी आस्था नसणाऱ्या वाचकांनीही ती ऐकावी असे वाटते.

हकीकतीचा आरंभ पहिल्या महायुद्धात होतो. इटलीच्या नौदलाच्या विमानदलात तिघांची मैत्री जमली. कार्लो गुत्सी हा यंत्रे जाणणारा, जोर्जो पारोदी हा जेनोवाच्या धनाढ्य जहाजमालकाचा वैमानिक मुलगा आणि जोव्हान्नी रावेल्ली हा शर्यतींत नाव मिळवलेला वैमानिक. युद्ध संपले की गुत्सीने गाडी रचायची, पारोदीने भांडवल आणायचे आणि रावेल्लीने ती शर्यतीत पळवायची, असा त्यांचा बेत होता. युद्ध संपल्यावर थोड्याच महिन्यांत, १९१९ साली, रावेल्ली विमान अपघातात गेला. कंपनीच्या चिन्हातला पंख पसरलेला गरुड ही त्याचीच आठवण.

जोर्जोचे वडील एमान्युएले व्हित्तोरिओ पारोदी यांनी १९१९च्या आरंभी मुलाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पंधराशे ते दोन हजार लिरा देतो. पण त्यापुढे एक पैही मिळणार नाही, आणि आराखडा मी स्वतः पाहीन, असा त्याचा आशय. व्यापारी बापाची सावधगिरी आणि मुलावरची माया अशी एकाच कागदावर क्वचितच सापडते. १५ मार्च १९२१ रोजी जेनोवा येथे कंपनीची रीतसर स्थापना झाली आणि कारखाना कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारियो या छोट्या गावी उभा राहिला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याचे नाव कंपनीला मिळाले, त्या गुत्सीकडे आरंभी कंपनीचा एकही भाग नव्हता. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे त्याला ठरावीक मोबदला मिळे. नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि चिन्ह तिसऱ्या, दिवंगत मित्राचे! कारखाना नेमका कोणाचा, हा प्रश्न असा जन्मापासूनच त्याच्या मागे लागलेला दिसतो.

पहिल्या विक्रीयोग्य गाडीचे नाव 'नोर्माले'. सुमारे ५०० सीसीचे एकच सिलिंडर, तेही आडवे निजलेले, आणि इंजिनाबाहेर उघडे फिरणारे मोठे चाक. शक्ती जेमतेम आठ अश्वशक्ती. आडव्या सिलिंडरमुळे गाडीचा भार जमिनीलगत राही आणि समोरून येणारा वारा सिलिंडरच्या माथ्याला थंड ठेवी. ही रचना इतकी पक्की बसली, की थोड्याफार फरकाने ती १९७६पर्यंत टिकली. १९२८ साली कार्लोचा भाऊ जुझेप्पे मागच्या चाकालाही स्प्रिंग असलेली गाडी घेऊन थेट नॉर्वेच्या उत्तरेकडे गेला; त्या गाडीला 'नोर्जे' म्हणजे नॉर्वे हेच नाव पडले. युद्धोत्तर काळात जुलिओ चेझारे कारकानो या अभियंत्याने कळस केला. १९५० साली मांदेल्लोत मोटारसायकलसाठी पूर्ण आकाराचा वायुबोगदा बांधला गेला, आणि १९५५ साली ५०० सीसीत आठ सिलिंडर बसवलेली शर्यतीची गाडी आली. १९५७च्या अखेरीस खर्च झेपेना म्हणून कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. कारकानोच्या त्या यंत्राला पुरती दोन-तीन वर्षेही मिळाली नाहीत, याची हळहळ चाहत्यांत अजून ओसरलेली नाही.

पुढचा काळ पडझडीचा. लोक स्वस्त छोट्या मोटारींकडे वळले. १९५५ साली जोर्जो पारोदी आणि १९६४ साली कार्लो गुत्सी निवर्तले; १९६७ साली कंपनी धनकोंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या व्यवस्थापनाकडे गेली. त्याच सुमारास कारकानोनेच रचलेले, गाडीत आडवे बसवलेले 'व्ही' आकाराचे दोन सिलिंडरी इंजिन 'व्ही ७' या गाडीतून बाजारात आले. दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारे ते सिलिंडर म्हणजे आज गुत्सीची ओळखच होय. १९७३ साली मूळच्या अर्जेंटिनाच्या आलेहांद्रो दे तोमासो यांनी कंपनी विकत घेतली.

याच पडत्या काळात चाहत्यांच्या क्लबांचे महत्त्व कळते. इटलीत या लोकांना 'गुत्सिस्ती' म्हणतात. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, हॉलंड अशा अनेक देशांत त्यांचे क्लब आहेत. जुनी माहितीपुस्तके जपणे, इंजिनावरील क्रमांकावरून गाडीचे साल ठरवणे, न मिळणारे सुटे भाग शोधणे किंवा करवून घेणे, वर्षातून एकदा तंबू ठोकून एकत्र जमणे, ही त्यांची कामे. आपल्याकडे 'हौशी' या शब्दाला किंचित हलकी छटा आहे. पण कागद जपण्याची ही चिकाटी आमच्या अनेक पगारी संशोधकांत आढळत नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

या हौसेची कसोटी १९९८ साली लागली. तेव्हाच्या व्यवस्थापनाने कारखाना मांदेल्लोतून उचलून मोंझा येथील एका रिकाम्या कारखान्यात नेण्याचे ठरवले. हिशेबाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. मांदेल्लोची जागा अपुरी, इमारती जुन्या, आणि मोंझा फार तर पन्नासेक किलोमीटर दूर. परंतु मांदेल्लोचे कामगार जाहीर निदर्शने करू लागले आणि देशोदेशींच्या क्लबांनी निषेध नोंदवला. ज्यांची पोटे त्या कारखान्यावर नव्हती, ज्यांच्या नावे कंपनीचा एक भागही नव्हता, अशी माणसे कारखाना हलवू नका म्हणून सांगत होती. बेत त्याच वर्षी बारगळला. कामगारांचा वाटा यात मोठा, हे उघड आहे. पण आपण कारखाना नव्हे तर एक स्थान हलवीत आहोत, ही जाणीव व्यवस्थापनाला गिऱ्हाइकांनीच करून दिली असे आम्हांला वाटते.

या निष्ठेची दुसरी बाजूही आहे. जे लोक जुन्या रचनेवर जीव टाकतात, ते नव्या रचनेला सहजी हात लावू देत नाहीत. अनेक वर्षे त्याच इंजिनाची नवी नवी रूपे काढत राहण्यात पैशाची टंचाई जितकी कारण होती, तितकाच चाहत्यांचा धाकही असावा.

२००० साली एप्रिलिया आणि २००४च्या अखेरीस पियाजिओ हे मालक झाले. बारामतीच्या कारखान्यामुळे मराठी माणसाला परिचित असलेली तीच ही कंपनी. २००१पासून मांदेल्लोत गुत्सीप्रेमींचा जागतिक मेळावा भरू लागला. २०२१ साली शंभरी भरली. साथीमुळे तिचा मेळावा २०२२च्या सप्टेंबरात झाला. त्याच शताब्दीच्या वर्षी कंपनीने पाण्याने थंड होणारे नवे इंजिन लोकांसमोर आणले. दोन सिलिंडर बाहेर डोकावत तसेच आहेत. आतले बहुतेक सारे नवे. त्या गाडीला नाव दिले आहे 'व्ही १०० मांदेल्लो'.