दोन तारांची दवंडी

गाडीच्या वायरिंगला कारखान्यात ‘हार्नेस’ म्हणतात. शब्द इंग्रजीतला, घोड्याच्या साजाचा. जुन्या गाडीत हा साज सरळ होता: एक बटण, एक तार, एक दिवा. चऱ्होलीहून आळंदीकडे जाताना रस्त्याकडेला बसणारा वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन तारेचा माग काढायचा आणि फॉल्ट सापडायचाच. पुढं पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, एबीएस अशी भर पडली, आणि दाराच्या बिजागरीपाशी तारांचा गठ्ठा मावेना.

बॉश कंपनीनं जर्मनीत १९८३ ला यावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला ‘कॅन’ जगापुढं मांडलं. नव्वदच्या दशकात मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ते आलं; त्याच मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकणला आहे.

कॅन म्हणजे पीळ घातलेल्या दोन तारा आणि त्यांना जोडलेले सगळे कंट्रोलर. निरोप कुणाच्या नावानं जात नाही, दवंडी पिटली जाते. चाकाचा वेग एबीएसनं एकदा सांगितला की इंजिन, गिअरबॉक्स, मीटर, ज्याला हवा तो ऐकतो. दोघं एकदम बोलले, तर लहान क्रमांकाचा निरोप पुढं आणि दुसरा मागं. दिंड्यांचा क्रम जसा आधीच ठरलेला. तांबं वाचलं, वजन घटलं. हे मोठंच काम झालं.

पण दवंडी पिटणाऱ्यांत चोरही आला. हेडलाइटमागचा कनेक्टर उपसून, त्या दोन तारांवर खोटा निरोप सोडून कुलूप उघडल्याची लंडनमधली चोरी २०२३ मध्ये उघड झाली.

मला जास्त लागतं ते वायरमनचं: बटणागणिक वेगळी तारच उरली नाही, तर त्याच्या टेस्ट लॅम्पनं माग कशाचा काढायचा? गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचा काटा शून्यावर पडला, मीटरवरचे सगळे दिवे लागले. एका गॅरेजनं स्कॅनर लावून अख्खं मीटर बदलायला सांगितलं. आमच्या रस्त्यावरच्या वायरमननं बॅटरी सोडवली आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटच्या सहा आणि चौदा नंबरच्या, म्हणजे कॅनच्याच, पिनांना मल्टिमीटर लावला. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही शाबूत असले तर ६० दिसायला हवेत. दिसले १२०. म्हणजे एक टोक तुटलेलं. मीटरमागच्या कनेक्टरमध्ये पाणी मुरून एक पिन हिरवी पडली होती. त्यानं ती घासली, स्प्रे मारला, पुन्हा पाहिलं: साठ.