पगारी पाळक आणि साताऱ्याचा दरबार

मंडळीची काळजी वाहणाऱ्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाला मराठीत ‘पाळक’ म्हणतात. शब्द मेंढपाळाच्या कुळातला. पण पाळक घडवायचा कुठे, आणि त्याचं पोट भरायचं कुणी? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाला हे दोन प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पडले होते. त्यातल्या दुसऱ्याचं सगळ्यात धाडसी उत्तर साताऱ्यात शोधलं गेलं.

पहिल्याचं उत्तर आधी नगरला मिळालं. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये ते नगरला पोहोचलं आणि पुढे साताऱ्यातही त्याचं ठाणं झालं. गावोगाव मंडळ्या उभ्या राहू लागल्या, तसे गावात राहून मराठीत बोलणारे उपदेशक हवे झाले. मुंबईत जन्मलेले अमेरिकन मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ साली नगरला धर्मशिक्षणाचं विद्यालय काढलं. तिथे शिकलेला तरुण खेड्यात जाई, प्रार्थना चालवी, बहुतेकदा शाळाही सांभाळी.

अडचण पैशाची होती. मंडळीतली बहुतेक माणसं महार-मांग समाजातली, हातावर पोट असलेली. ती पाळकाला काय देणार? म्हणून पगार मिशन देई. पगार आला की साहेब आला, बदली आली, वरून हुकूमही आला. गावातले इतर लोक म्हणायला मोकळे : हा देवाचा माणूस कसला, हा तर मिशनचा नोकर!

हा टोमणा मिरजेत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, फारसा लागू पडत नव्हता. तिथे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडलं आणि भारतीय तरुणांना वैद्यकाचं शिक्षणही दिलं. डॉक्टरनं पगार घेतला म्हणून त्याचं औषध खोटं ठरत नाही. उपदेशकाचा मात्र शब्दच संशयात सापडतो.

हे नारायण वामन टिळकांना नेमकं बोचलं. कोकणातल्या ब्राह्मण घरातले हे कवी १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरच्या त्याच विद्यालयात शिकवू लागले, पुढे रेव्हरंडही झाले. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. या मातीत लोक कीर्तनकाराचं ऐकतात, फकिराचं ऐकतात, कारण तो कुणाचा चाकर नसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ठरलेला पगार नाही, आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांइतकंच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही दार उघडं. मिशनच्या चौकटीला हे दोन्ही पेलणारं नव्हतं.

पण वैराग्याचीही किंमत असते आणि ती घरातल्या बाईला मोजावी लागते. पैसा हाती न टिकणाऱ्या या माणसाचा संसार लक्ष्मीबाईंनी कसा ओढला, ते ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळतं. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ज्या माणसाभोवती दरबार उभा होता, तोच गेल्यावर दरबार टिकला नाही.

विद्यालयं मात्र टिकली. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला आली. सातारा-सांगलीच्या मुला-मुलीला पाळकाचं शिक्षण आता तसं जवळ आहे. संस्था माणसापेक्षा जास्त जगते, हा तिचा मोठा गुण. म्हणून दरबार फसला असं म्हणून मोकळं होता येईल.

तसं म्हणू नये. पाळकाला घर असतं, मुलांच्या फिया असतात, त्याला पगार हवाच. पण तो पगार त्याचीच मंडळी देते की दूरचं कुणी, यावर तो कुणाला उत्तर देतो हे ठरतं. टिळकांनी विचारलेला प्रश्न हाच होता, आणि तो कुठल्याही पदवीच्या परीक्षेत सुटत नाही.