पट्टापेर
उताराला आडवे पट्टे आखून त्यांत आलटून-पालटून वेगवेगळी पिके घेण्याची मृदसंधारणाची पद्धत. ज्वारी, कापूस यांसारख्या उभट, विरळ पिकांच्या पट्ट्यात पाणी वाहते होते. मूग, उडीद, भुईमूग, मटकी यांचा दाट पट्टा ते अडवतो. वेग मोडला की गाळ तिथेच बसतो व पाणी मुरते. लातूरच्या बालाघाट पठारावरील हलक्या उतारांना आणि नांदेडच्या काळ्या जमिनींना ही पद्धत मानवते. काळी माती ओली झाली की फुगून भेगा मिटवते, मग पावसाच्या मोठ्या सरीचे पाणी माती घेऊनच धावते.

सोयाबीनने येथील मूग-उडदाची जागा घेतल्यापासून ‘पट्टा’ म्हणजे बहुधा सोयाबीन-तूर. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस 4:2 ओळींची. काही शेतकरी पेरताना ठराविक ओळ मोकळी सोडतात. पीक महिन्याचे झाले की कोळप्याला दोरी गुंडाळून त्या मोकळ्या ओळीत सरी पाडतात. ही सरी पावसाच्या खंडात ओल धरते, अतिवृष्टीत पाण्याला वाट देते. मात्र पेर उताराच्या दिशेने केली, तर हाच पट्टा माती वाहून नेणारा पाट होतो.