‘पर्यंत’ची गोष्ट

लॅपटॉपच्या खोक्यावर लिहिलेलं असतं ‘४ गिगाहर्ट्झपर्यंत’. आपण ४ वाचतो, ‘पर्यंत’ वाचत नाही. मग घरी येऊन टास्क मॅनेजर उघडायचा, तिथे काहीतरी भलताच आकडा बघायचा आणि कंपनीच्या नावाने शंख करायचा. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात हा कार्यक्रम दर नव्या लॅपटॉपमागे होतोच. म्हणून म्हटलं, या वीकेंडला या ‘पर्यंत’चा इतिहास जरा उकरून बघू.

तर मंडळी, सुरुवात पुण्यापासून करतो. नोव्हेंबर २००७. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एक’ हा संगणक टॉप ५०० च्या यादीत थेट चौथा आला. आशियात पहिला! पेपरात मोठमोठे मथळे आले. पण मला त्या यादीतली गंमत वाटते ती वेगळीच. तिथे प्रत्येक संगणकापुढे दोन आकडे असतात: एक कागदावरचा शिखर वेग आणि दुसरा लिनपॅक नावाची चाचणी चालवून प्रत्यक्ष मिळालेला.

कागदावरचा वेग शाळेतल्या गुणाकाराने निघतो. ‘एक’मध्ये १४,२४० कोअर, प्रत्येक ३ गिगाहर्ट्झचा, दर ठोक्याला ४ गणितं. करा गुणाकार: १७०.८८ टेराफ्लॉप्स. प्रत्यक्षात मिळाले ११७.९, म्हणजे ६९ टक्के. त्याआधी २००३ साली सी-डॅकचा परम पद्म या यादीत १७१ वा होता. ‘एक टेराफ्लॉपवाला’ म्हणून त्याची ओळख, पण मोजलेला वेग ५३२ गिगाफ्लॉप्स. जेमतेम निम्म्याच्या वर.

यात फसवणूक कुठेच नाही बरं का. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोची गाडी ८० च्या वेगाची आहे, पण ११.४ किलोमीटरला २१ मिनिटं लागतात, म्हणजे सरासरी ३३. स्टेशनं १२ आहेत, थांबावं लागतं. संगणकातले कोअरही असेच थांबतात, मेमरीतून किंवा शेजारच्या मशीनकडून डेटा यायची वाट बघत. ‘एक’चीच पुढची गोष्ट बघा. जून २००८ च्या यादीत कोअर झाले १४,३८४, म्हणजे फक्त १ टक्का जास्त. मोजलेला वेग मात्र १३२.८ वर गेला, जवळपास १३ टक्के वाढ! चिपा त्याच ३ गिगाहर्ट्झच्या. (तरी नंबर घसरून आठवा झाला. असो.)

पण एक लक्षात घ्या, त्या काळच्या चिपांचा क्लॉक तरी ३ म्हणजे ३ च असायचा. खुद्द क्लॉकलाच ‘पर्यंत’ चिकटलं ते नंतर.

त्याचं मूळ २००४ मध्ये आहे. ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेज कमी करता यायचं, त्यामुळे क्लॉक वाढवूनही उष्णता आटोक्यात राहायची. चिप जी वीज खाते ती क्लॉकच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज उतरायचं थांबलं आणि सगळी गाडी अडली. इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांचे सीईओ क्रेग बॅरेट यांनी स्टेजवर चक्क गुडघे टेकून, अर्धवट गमतीत, माफी मागितली.

नोव्हेंबर २००८ मध्ये पहिला कोअर आय७ टर्बो बूस्ट घेऊन आला. सगळ्या कोअरना काम नसेल, चिप थंड असेल, वॅट शिल्लक असतील, तर वेग थोडा चढवायचा. आय७-९२० मध्ये २.६६ चे २.९३, तेही एकाच कोअरवर. तेव्हा हा खरोखर बोनस होता, जाहिरात २.६६ चीच होती. २०१७ चा लॅपटॉपवाला आय७-८५५०यू बघा: मूळ १.८, बूस्ट ४, आणि उष्णतेचं बजेट १५ वॅट. बोनस पगारापेक्षा मोठा झाला आणि खोक्यावर बोनसच छापून यायला लागला! चारही कोअर राबायला लागले की काही सेकंदांत लगाम बसतो. त्यात आपली हवा. या चिपची मर्यादा १०० अंश. एसीतल्या २४ अंशात ७६ अंशांचा वाव मिळतो, तर मे महिन्यातल्या ३३ अंशांच्या खोलीत ६७. तोच पंखा, वाव मात्र १२ टक्के कमी.

माझं मत विचाराल तर चूक भौतिकशास्त्राची नाही, छपाईची आहे. टॉप ५०० मध्ये दोन रकाने असतात, खोक्यावर एकच. २०१९ मध्ये एएमडीच्या रायझन ३००० वाल्यांनी नेमकी हीच ओरड केली होती, आपली चिप छापलेल्या बूस्टला शिवतसुद्धा नाही म्हणून. तेव्हा सप्टेंबरात कंपनीने फर्मवेअरमधला दोष मान्य करून दुरुस्ती दिली. किती वाढ? २५ ते ५० मेगाहर्ट्झ. एवढ्याशाने रोजच्या कामात ढिम्म फरक पडत नाही, पण लोकांना छापलेला आकडा एकदा तरी डोळ्यांनी बघायचा होता. मला तरी ते रास्तच वाटतं.

जाता जाता, टर्बोने टॉप ५०० लाही सोडलेलं नाही. तिथला शिखर वेग जाहिरातीतल्या क्लॉकवरून काढलेला असतो, टर्बोचा हिशेब तुमचा तुम्ही धरा, असा खुलासा यादीखाली द्यावा लागला आहे.