बावला खून खटला

इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) आणि दरबारी गायिका-नर्तकी मुमताज बेगम यांच्या संबंधांतून उद्भवलेला, मुंबईत गाजलेला फौजदारी खटला (१९२५).  

मुमताज कोवळ्या वयातच महाराजांकडे आली होती. पुढे मसुरीला नेले जात असताना तिने दिल्लीला प्रवास सोडला आणि इंदूरला परतण्यास नकार दिला. आपले मूल जन्मताच मारले गेले, असा तिचा आरोप होता. या प्रकरणाला प्रेमकथा म्हणण्याची प्रथा आहे. पण नायिकाच पळून गेली होती, हे त्या कथनात सोयीने गळते.

मुंबईत तिला अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याचा आश्रय मिळाला. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर दोघांची मोटार अडवून बावलाला गोळ्या घालण्यात आल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे लष्करी अधिकारी मध्ये पडल्याने तिचे अपहरण फसले.

मुंबई उच्च न्यायालयात न्या. क्रम्प यांच्यापुढे खटला चालला, बॅ. जिना एका आरोपीचे वकील होते. तिघांना फाशीची शिक्षा झाली. हल्ल्याचा हुकूम कोणी दिला, हे मात्र न्यायालयात सिद्ध झाले नाही. तरीही संशय महाराजांवर असल्याने चौकशी आयोग की पदत्याग, असा पर्याय ब्रिटिश सरकारने ठेवल्यावर तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादी सोडली. १९२८ मध्ये त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला.