नाभीचा अंतर्गळ : निदान, टाका आणि जाळी

अंतर्गळाला, म्हणजे हर्नियाला, अरबी व उर्दू वैद्यकात 'फत्क' म्हणतात. फत्क म्हणजे उसवणे, फाटणे. रोगाचे कारण नावातच आले आहे. वारंवारची बाळंतपणे, स्थूलता किंवा जलोदर यांमुळे प्रौढांच्या पोटाची भिंत बेंबीपाशी उसवते आणि आतील चरबी वा आतडे बाहेर येते. ही उसवण ओळखणे आणि सांधणे, असा या शस्त्रक्रियेचा दुहेरी इतिहास आहे.

कुर्तुब्याजवळील मदीनतुज्जहरा येथील अबुल कासिम अल्-जहरावी (मृत्यू सुमारे 1013) यांनी 'किताबुत्तसरीफ' या ग्रंथाचा तिसावा भाग शस्त्रक्रियेला वाहिला. त्यात बेंबीच्या फुगवट्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. फुगवटा आतड्याचा आहे, वायूचा आहे की रक्तवाहिनीचा, हे आधी ठरवावे आणि तो रक्तवाहिनीचा असल्यास शस्त्र लावू नये, असे ते बजावतात. बाराव्या शतकात तोलेदो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि तो युरोपात पोहोचला.

परंतु निदानासाठी रोग्याने दुखणे सांगावे लागते. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याची राणी कॅरोलाइन हिने शेवटच्या बाळंतपणानंतर उद्भवलेला बेंबीचा हर्निया अनेक वर्षे लपवून ठेवला. नोव्हेंबर 1737 मध्ये आतडे अडकले, तेव्हा कोठे वैद्यांना तो कळला. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. 20 नोव्हेंबरला ती मरण पावली. राजवैद्य हाताशी असूनही संकोच जिवावर बेतला.

1846 नंतर भूल आणि 1867 नंतर जंतुनाशक पद्धती रूढ होत गेल्याने शल्यविशारदांना सावकाश काम करता येऊ लागले. अमेरिकेतील विल्यम मेयो यांनी 1901 मध्ये पोटाच्या भिंतीचे वरचे व खालचे पदर कोटाप्रमाणे एकावर एक घेऊन शिवण्याची पद्धत मांडली. मात्र ताण पडला की टाके पुन्हा सुटत. 1950च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकची जाळी वापरात आणली. तिच्यात शरीराच्याच ऊती वाढतात आणि भिंत बळकट होते. एक ते चार सेंटिमीटरच्या हर्नियांसंबंधीचे एक संशोधन 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 300 रुग्ण होते. केवळ टाके घातलेल्यांपैकी सुमारे 12 टक्क्यांना हर्निया पुन्हा झाला, जाळी बसवलेल्यांपैकी सुमारे 4 टक्क्यांना.

साधने बदलली, संकोच मात्र पुरता गेलेला नाही. 'बेंबी जरा वर आली आहे, त्यात काय' असे म्हणून आजही घरोघरच्या स्त्रिया हे दुखणे अंगावर काढतात. फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. अल्-जहरावींचे नाव आपण वर्गात अभिमानाने घेतो. त्यांचा पहिला धडा निदानाचा होता. तो विद्यार्थ्यांमार्फत त्यांच्या घरांपर्यंत पोहोचवणे आपल्याच हाती आहे.