यंत्राला शिकवतं कोण?

‘स्मार्ट कारखाना’ म्हटलं की चर्चा लगेच उद्याकडे वळते. आपण आज मागे जाऊ, थेट फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या रेशमी मागांकडे.

नक्षीदार कापड विणताना ताण्याचे कोणते धागे केव्हा उचलायचे, हे सांभाळावं लागे. त्यासाठी विणकराच्या जोडीला दोऱ्या ओढणारा एक पोरगा असे. १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्ड यांनी हे काम भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवलं. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. सगळी नक्षी ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्यावर आली! आता नक्षी विणकराच्या हातात राहिली नाही. ती पुठ्ठ्यात गेली, आणि पुठ्ठा तर दुसराच कोणी तयार करणार.

आता दीडशे वर्षं पुढे, अमेरिकेत येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर लेथ-मिलिंग यंत्रं आपोआप चालवण्याचे दोन मार्ग पुढे आले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये असा प्रयोग झाला: मुरलेल्या कारागिराने पहिला जॉब स्वतः करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या आणि मग यंत्राने त्या गिरवायच्या. दुसरा मार्ग एमआयटीचा. हवाई दलाच्या पैशावर तिथे घडलेलं, कागदी फितीवरच्या आकड्यांनी चालणारं मिलिंग यंत्र १९५२ मध्ये लोकांसमोर आलं. इथे हालचाल कारागिराच्या हातून येत नाही; ती ऑफिसात बसून गणिताने लिहिली जाते.

टिकला तो दुसरा मार्ग. का? विमानाच्या भागांचे अवघड वक्र हाताने कापून नोंदवणं कठीण, हे कारण खरंच आहे. पण डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या ग्रंथात आणखी एक कारण मांडलं: कामाचा ताबा कारागिराकडून व्यवस्थापनाकडे जावा, हीही इच्छा त्यामागे होती. आम्हाला हे म्हणणं वजनदार वाटतं. गंमत अशी की फीत आली तरी माणूस काही सुटला नाही. कटर झिजतो, एखादं ओतीव जास्त कडक निघतं. तेव्हा आवाज ऐकून वेग कमी करणारा ऑपरेटर लागतोच. मायकेल पोलानी ज्या न सांगता येणाऱ्या ज्ञानाची चर्चा करतात, ते हेच.

२०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोवरच्या प्रदर्शनात ‘इंडस्ट्री ४.०’ हे नाव पुढे आलं. आता सेन्सर यंत्राची थरथर मोजतात. रोबोटचा हात धरून त्याला काम शिकवता येतं. म्हणजे मागे पडलेला पहिला मार्ग नव्या रूपात परत आलाय, नाही का? पण कारागिराचं कौशल्य नोंदवलं गेलं, की ते कोणाचं? आणि यंत्राबरोबर त्याच्यावरही नजर राहणार, तिचं काय?

या दुसऱ्या प्रश्नावर जर्मनीत कायदा आहे. कामगारांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बसवायची, तर कारखान्यातल्या कामगार-मंडळाची संमती लागते. १९७२ पासूनची ही तरतूद आहे. पहिल्या प्रश्नाला मात्र अजून असं सरळ उत्तर नाही. म्हणून आपण स्मार्ट कारखाना पाहायला गेलो, तर यंत्र किती हुशार आहे एवढंच विचारून थांबू नये. त्याला कोणी शिकवलं, आणि शिकवणाऱ्याला काय मिळालं, हेही विचारावं.